देव दयाळू, मग दुष्काळ कुणाचा?

घरातलं माणूस गेलं की पहिले दहा-बारा दिवस भेटायला येणारे लोक ठरावीक पाच-सहा वाक्यं बोलतात. 'देवाच्या मनात होतं, आपल्या हातात काय?' 'भोग असतात, भोगूनच संपवायचे.' 'देव चांगल्या माणसांचीच परीक्षा बघतो.' गेलेलं माणूस तरुण असेल तर चौकातल्या फलकावर 'जो आवडतो सर्वांना, तोचि आवडे देवाला' हे ठरलेलंच. ही वाक्यं मीही बोललो आहे, सतरंजीच्या कडेला बसून, दुसरं काही सुचत नाही म्हणून. पुढे धर्माच्या तत्त्वज्ञानावरची पुस्तकं चाळायला लागलो तेव्हा ध्यानात आलं, की वेळ मारून नेण्यासाठी बोललेल्या या प्रत्येक वाक्यामागे एकेक आख्खा सिद्धांत उभा आहे. कुणी ब्रह्मसूत्रांतलं, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथातलं, बोलत असतं, कुणी दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मगुरूच्या तोंडचं. बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, इतकंच.

हे सगळे सिद्धांत ज्या प्रश्नाला उत्तर द्यायला निघाले, तो तीन वाक्यांत मांडता येतो. देव सर्वशक्तिमान आहे. देव परमदयाळू आहे. आणि जगात दुरित आहे. दुरित म्हणजे वाईट, दुःख, पाप, अनिष्ट असं सगळंच. पसायदानातल्या 'दुरितांचें तिमिर जावो'मुळे हा शब्द आपल्या कानावरचा आहे. यातली कुठलीही दोन वाक्यं सुखाने एकत्र राहतात. तिसरं आलं की भांडण सुरू होतं. एपिक्युरस या ग्रीक विचारवंताच्या नावावर सांगितली जाणारी मांडणी अशी : दुरित घालवायची देवाची इच्छा आहे पण ताकद नाही? मग तो दुबळा. ताकद आहे पण इच्छा नाही? मग तो दुष्ट. दोन्ही आहे? मग दुरित आलं कुठून? डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने हाच पेच आपल्या संवादग्रंथात घातला आणि ग्रंथ हयातीत छापायचं टाळलं. तो निघाला १७७९ मध्ये, ह्यूम जाऊन तीन वर्षं झाल्यावर.

पेच सोडवायला बसण्याआधी दुरिताचे दोन ढीग करून घेतलेले बरे. एक माणसाने माणसाला केलेलं : खून, लूट, अत्याचार, छळछावण्या. दुसरं कुणीच न केलेलं : भूकंप, दुष्काळ, लहान मुलाच्या रक्तातला कर्करोग. एका ढिगाला लागू पडणारं उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, आणि बऱ्याच वादांत गोंधळ होतो तो इथेच.

पहिल्या ढिगाचं उत्तर सर्वांना परिचयाचं आहे : देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं, माणसाने त्याची माती केली. हे उत्तर वाटतं त्यापेक्षा दमदार आहे. १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने दावा केला, की वरची तीन वाक्यं एकत्र मानणं म्हणजे उघडउघड विसंगती आहे, चौकोनी वर्तुळासारखी. त्याला आल्विन प्लांटिंगा या श्रद्धावान तत्त्वज्ञाने दिलेलं उत्तर, जे १९७४ साली पुस्तकरूपाने सगळ्यांपुढे आलं, समजून घेण्यासाठी एक घरगुती उदाहरण घेऊ.

समजा, तुम्ही आठ दिवस दवाखान्यात होता आणि तुमचा जिवलग मित्र एकदाही फिरकला नाही. 'तो जिवलग आहे' आणि 'तो आला नाही' यांत विसंगती आहे का? नाही. त्याचीही आई आजारी असेल, त्याला कळलंच नसेल, काहीही असेल. खरं कारण काय होतं हे तुम्हाला सांगता आलं नाही तरी बिघडत नाही. असं एखादं कारण असू शकतं, एवढ्यावर दोन्ही वाक्यं एकत्र नांदतात. प्लांटिंगा तेवढंच म्हणतो. खरोखर स्वतंत्र असलेल्या माणसांकडून नेहमी चांगलंच करवून घेणं हे कदाचित देवालाही शक्य नसेल, कारण करवून घेतलं की ते स्वातंत्र्य उरत नाही. 'कदाचित' हा शब्द महत्त्वाचा. देवाचं खरं कारण हेच होतं असा त्याचा दावाच नाही. विसंगतीचा आरोप खोडायला शक्यता पुरते.

आणि आरोप बऱ्यापैकी खोडला गेला. देव न मानणाऱ्या तत्त्वज्ञांपैकीही बरेच जण आज कबूल करतात, की निव्वळ तर्काच्या जोरावर 'देव आणि दुरित एकत्र असूच शकत नाहीत' हे सिद्ध होत नाही. तेव्हा देवावरची श्रद्धा आणि दुरिताचं अस्तित्व सुसंगत आहे का, या प्रश्नाचं कोरडं उत्तर 'हो' असं आहे. परीक्षेत विचारलं तर एवढं लिहून गुण मिळतील.

पण तो मित्र वीस वर्षांत तुमच्या एकाही आजारपणात आला नसेल तर? विसंगती अजूनही नाही. दर वेळी त्याला काही ना काही अडचण आली असू शकते. तरी शहाणा माणूस म्हणेल, आता या मैत्रीचा फेरविचार करायला हवा. विल्यम रो या तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये वाद या वळणावर आणून सोडला. त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे : दूरच्या जंगलात वीज पडून वणवा लागतो, त्यात एक हरणाचं पाडस होरपळतं, काही दिवस तडफडतं आणि मरतं. कुणी पाहिलेलं नाही, कुणी काही शिकलेलं नाही, कुणाच्या स्वातंत्र्याचा संबंध नाही. यातून काय साधलं? काहीच साधलं नसेल असं आपल्याला वाटत असेल, आणि असं दुःख जगात ठायी ठायी असेल, तर दयाळू देव असण्याची शक्यता तेवढी कमी होते, असं रो म्हणतो. तो 'अशक्य' म्हणत नाही. 'पटण्यासारखं नाही' एवढंच म्हणतो, आणि ते खोडणं पुष्कळ अवघड आहे.

याला श्रद्धावानांकडून आलेलं सगळ्यात चलाख उत्तर आपल्याकडे म्हणीतच आहे : देवाची करणी आणि नारळात पाणी. आपल्याला कारण दिसत नाही म्हणून कारण नाही असं कसं म्हणणार? सुई टोचली की तान्ह्या बाळाला आईचं कारण कुठे कळतं? मुद्दा खरा आहे, पण तो फार ताणला की उलटतो. विहिरीत पडलेल्या मुलाकडे पाहून मलाही म्हणता येईल, यामागे काही थोर योजना असेल, मी कशाला उडी मारू? शिवाय बाळाला सुई टोचताना आई त्याला कुशीत घट्ट धरून बसलेली असते. कारण कळत नसलं तरी आई कळते. दुःखात असलेल्या अनेकांची तक्रार नेमकी ही असते, की कारण राहू द्या, निदान कूस तरी जाणवू दे.

आता दुसरा ढीग. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटं असताना जमीन हलली. सुमारे १०,००० माणसं गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं एक प्रश्न ऐकू यायचा : ज्याला आदल्या दिवशी वाजतगाजत निरोप दिला त्या विघ्नहर्त्याने हेच विघ्न कसं आणू दिलं?

युरोपला हा प्रश्न याहून जवळजवळ दोनशे चाळीस वर्षं आधी असाच, सणाच्या दिवशी, पडला होता. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. लिस्बनची चर्चं सकाळच्या प्रार्थनेला भरलेली असताना भूकंप झाला, मागून समुद्र आत आला, मग आगी लागल्या. लाइबनिझ या जर्मन तत्त्वज्ञाने १७१० मध्येच लिहून ठेवलं होतं, की शक्य असलेल्या सगळ्या जगांपैकी हेच सर्वांत उत्तम. व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकाने लिस्बनवर कविता लिहून त्या आशावादाची साल काढली. १७५६ मध्ये विचारवंत रूसोने व्हॉल्तेअरला पत्र लिहिलं, आणि ते मला जास्त विचार करायला लावतं. रूसो म्हणतो, सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं एका जागी निसर्गाने बांधली नव्हती. लोक विरळ आणि हलक्या घरांत राहत असते तर हानी किती कमी झाली असती!

किल्लारीला हे तंतोतंत लागू आहे. भूकंप काही जगातल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी नव्हता. माणसं मारली ती चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी आणि वर्षानुवर्षं माती चढवत नेलेल्या जड धाब्यांनी. म्हणजे दुसऱ्या ढिगातलं बरंचसं दुरित हळूच पहिल्या ढिगात सरकतं. बरंचसं, सगळं नाही. आणि सरकवतानाही जपायला हवं, कारण त्या धाब्याखाली झोपलेल्या बाईने ते घर हौसेने निवडलेलं नव्हतं. उन्हाळ्यात गार राहणारं, हाताशी असलेल्या दगड-मातीचं, परवडणारं घर ते.

आता 'भोग' या शब्दाकडे वळू, कारण आपल्याकडच्या सतरंजीवर सर्वांत जास्त चालतो तो हाच. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या पादात, ३४वं सूत्र आहे : 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्'. वैषम्य म्हणजे पक्षपात, नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. कुणाला सुख, कुणाला दुःख देणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का, ही शंका सूत्रकारांनी स्वतःच काढली आहे. उत्तर : नाही, कारण तो जीवांच्या कर्मानुसार देतो. शंकराचार्यांनी इथे पावसाचा दृष्टांत दिला आहे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. भात उगवायचा की जव, हे बियाण्यावर ठरतं. मग पहिलं बियाणं कुठून आलं? पुढच्याच सूत्राचं उत्तर : पहिलं असं काही नाही. संसार अनादि आहे, बीज आणि अंकुर यांच्यासारखा.

उत्तर देखणं आहे, यात वाद नाही. देवावरचे दोन्ही आरोप एका फटक्यात उतरतात, आणि जन्मतः आजारी असलेल्या बाळाचंही, ज्यापुढे स्वातंत्र्याचा सिद्धांत गप्प होतो, काहीतरी स्पष्टीकरण मिळतं. पण किंमत मोजावी लागते. पाऊस बियाणं बदलू शकत नाही, मान्य. पण ईश्वरही बदलू शकत नाही? मग सर्वशक्तिमान हे विशेषण थोडं सैल करावं लागतं. आणि आपण काय केलं हे आठवतच नसेल तर त्या शिक्षेने सुधारायचं कुणी?

त्याहून मोठी किंमत तत्त्वज्ञानाच्या बाहेर मोजली गेली. चोखोबांच्या नावावर एक अभंग आहे. मागच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून या जन्मी महाराचं कूळ वाट्याला आलं, अशी त्यात कबुली आहे. बापाने सिद्धांत मान्य केला. मुलाने, कर्ममेळ्याने, केला नाही :

'आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥'

यात पूर्वजन्म नाही, बियाणं नाही, पाऊस नाही. 'केली' हे क्रियापद आहे आणि कर्ता समोर विटेवर उभा आहे. उष्टं खात जन्म गेलेल्या या मुलाला कर्मसिद्धांत पटला नाही. तो पटला बहुधा उष्टं टाकणाऱ्यांना, आणि इतकी शतकं सोयीचा पडला तोही त्यांनाच.

या सगळ्या वाचनातून माझ्या हाती जे लागलं ते हेच : या उत्तरांत खरं-खोटं जितकं महत्त्वाचं, तितकंच ते कोण कुणाला सांगतंय हेही. एखादं स्पष्टीकरण स्वतःच्या दुःखाला लावलं तर श्रद्धा ठरते, आणि तेच्या तेच शेजाऱ्याच्या दुःखाला लावलं की निवाडा होतो.

तुकोबांचंच पाहा. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली बायको गेली. आत्मचरित्रपर अभंगात ते सांगतात, 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. आणि तेच तुकोबा दुसरीकडे म्हणतात, 'बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली'. दुःखाने माणूस घडतो, संसाराची ओढ सुटते, देवाची लागते. 'देव परीक्षा बघतो' याचं हे सर्वांत उंच रूप. ख्रिस्ती परंपरेत दुसऱ्या शतकातल्या इरेनेअस या धर्मगुरूपासून हा विचार दिसतो आणि १९६६ मध्ये जॉन हिक या तत्त्वज्ञाने तो नव्याने मांडला : जग हे सुखाचं विश्रामधाम म्हणून केलेलंच नाही, आत्मा घडवण्याची ती शाळा आहे.

तुकोबांनी स्वतःबद्दल 'बरें झालें' म्हणावं, त्यांचा तो अधिकार आहे. पण रखमाबाईंचं काय? अन्न अन्न करत गेलेल्या त्या बाईचा आत्मा कुठे घडला? तुकोबांच्या शाळेची फी त्यांनी भरली म्हणायची का? हिक इथे म्हणतो, ही घडण मरणानंतरही चालू राहते. मानणाऱ्याने मानावं; पण मग उत्तराचं सगळं ओझं न पाहिलेल्या जगावर जातं.

बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत हाच मुद्दा फार बारकाईने आला आहे. ईयोब सज्जन; त्याची संपत्ती जाते, मुलं मरतात, अंगभर फोड उठतात. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तोवर सगळं ठीक असतं. मग ते बोलायला लागतात. सगळ्यांच्या बोलण्याचा मथितार्थ एकच : तू काहीतरी केलं असशील. शेवटी देव वावटळीतून बोलतो. ईयोबाला तो कारण सांगतच नाही, सृष्टी केवढी अफाट आहे ते दाखवतो. पण मित्रांवर मात्र तो चिडतो : माझ्याविषयी तुम्ही जे बोललात ते ईयोबाच्या बोलण्यासारखं यथार्थ नव्हतं. देवाची बाजू मांडणारे वकील देवाच्याच दरबारात हरले, आणि भांडणारा ईयोब जिंकला!

आपल्याकडे हा खटला १९३४ मध्ये वर्तमानपत्रांतून चालला. १५ जानेवारीला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला. अस्पृश्यता त्यांनाही नको होती, पण निसर्गाच्या घटनेला नीतीचं कारण चिकटवणं त्यांना मान्य नव्हतं. गांधीजींनी ते पत्र 'हरिजन'मध्ये छापलं आणि आपलं मत सोडलं नाही. गांधीजी 'आपलं पाप' म्हणत होते, स्वतःला वगळून नव्हे, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तरीही, ज्यांच्यावर अन्याय झाला त्या अस्पृश्यांची घरं काय त्या भूकंपाने वेचून बाजूला ठेवली होती?

राहिला मार्ग तीनपैकी एक वाक्य सोडून देण्याचा. मुंबईतल्या आपल्या पारशी शेजाऱ्यांच्या प्राचीन धर्मात दुरित देवाकडून येतच नाही. अहुर मज्द चांगला, अंग्र मैन्यू विध्वंसक, आणि माणसाने या झुंजीत चांगल्याच्या बाजूने उभं राहायचं. देव इथे मदत मागतो. हान्स योनास या ज्यू विचारवंताची आई आउश्वित्झ या नाझी छळछावणीत मारली गेली. १९८४ मध्ये त्याने मांडलं, की आउश्वित्झनंतर देवाला चांगला म्हणायचं असेल तर सर्वशक्तिमान म्हणणं सोडावं लागेल. आणि कुमारिल भट्ट तर वेद प्रमाण मानणारे मीमांसक, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे पंडित, तरी सृष्टीकर्ता ईश्वर नाकारून मोकळे. करुणेपोटी सृष्टी केली म्हणता? सृष्टीच नव्हती तेव्हा कीव करायला होतं कोण? आणि करुणाच होती तर सुखीच जीव का नाही केले? नास्तिकाला याहून तिखट बोलता येणार नाही.

जैन आणि बौद्धांनी कर्ता मानलाच नाही, त्यामुळे त्यांच्यापुढे हा खटला उभाच राहत नाही. बुद्धाचं पहिलं आर्यसत्य सरळ आहे : दुःख आहे. पुढचा प्रश्न 'देवाने का दिलं' असा येत नाही. ते कशाने होतं आणि कसं थांबेल, असा येतो. कर्ममेळ्याचा प्रश्न ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या वारशाने आला होता, त्यांतल्या लाखोंनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर श्रीपतीला विचारणंच सोडून दिलं.

न सोडणारेही आहेत, आणि त्यांना भोळे म्हणून मोडीत काढता येत नाही. कर्ममेळा स्वतः त्यांत आहे. 'लाज न ये तुमचे चित्ता' हे तो विठ्ठलालाच विचारतो. देव नाहीच असं मानलं असतं तर हे भांडण कुणाशी करायचं होतं? ही तिसरीच वाट आहे : स्पष्टीकरण मागायचं नाही, द्यायचं तर मुळीच नाही, नुसता जाब विचारत राहायचा. संतांच्या गाथेत कर्ममेळ्याचे अभंग चोखोबांच्या अभंगांबरोबर छापले जातात, कबुली आणि तक्रार एकाच बांधणीत.

चोखोबांचा शेवट मंगळवेढ्याचा. परंपरेने सांगितलेलं साल १३३८. गावकुसाच्या कामावर महार मजूर लावले होते, कूस कोसळलं आणि ते खाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. पुढे नामदेव आले तेव्हा ढिगाऱ्यात नुसती हाडं उरली होती, आणि कुणाची कोणती हे कळायला मार्ग नव्हता. नामदेवांनी एकेक हाड कानाशी लावलं. ज्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची, असं मानून पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्यांतून काहीच ऐकू आलं नाही ती हाडंही माणसांचीच होती, त्याच भिंतीखाली मेलेल्या. त्यांचं काय झालं, हे कथेत येत नाही.